मेसाईच्या तुळईवरची गाठ

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

वनमाला,

पाकिटावर तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलं आहे. लिहिताना माझा हात थांबला नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या लेकीच्या, सुकन्याच्या फोनवर केला की ती म्हणते, "मोठी आई, आई अंघोळीला गेलीय." अडीच वर्षांत तू माहेरी एवढ्या अंघोळी केल्यास की गेवराईला गोदावरी आटायला हवी होती. म्हणून पत्र. पोस्टमन ते तुझ्या हातातच देईल, आणि माझं अक्षर बघून तू ते फाडणार नाहीस, एवढी मला खात्री आहे.

मेसाईचा सभामंडप पाडणार आहेत. तुळया पोखरल्यात, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आत उतरवायच्या ठरल्यात. त्या तुळयांना बांधलेल्या नवसाच्या नारळांचं काय करायचं, हा प्रश्न आला. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. लाल कापडात नारळ, आत मागणं लिहिलेली चिठ्ठी, वर नाव. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं सोडला तर त्याचं मागणं सोडणाऱ्याच्या अंगावर येतं. आप्पा गुरवांना आता दिसत नाही, मोतीबिंदू पिकलाय. म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी नावं वाचायची, वहीत उतरवायची, मग माइकवरून पुकारायची. चौथी शिकलेली बाई, पण देवळात पोथी मीच वाचते, तेव्हा हेही माझ्याकडंच आलं.

तिसऱ्या तुळईवरच्या एका नारळाचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं. चिठ्ठी बाहेर लोंबत होती. मी ती बोटानं आत सारायला गेले आणि अक्षर ओळखलं. तुझा 'म' तू उघड्या तोंडाचा काढतेस. अक्षर ओळखीचं, म्हणून आधी मला आनंद झाला. खरंच सांगते. मग वाचलं.

"मेसाई माय, माझं कुंकू राख. बदल्यात या घरातलं दुसरं काय न्यायचं ते ने."

खाली तारीख. २१ ऑक्टोबर २०२१.

वनमाला, मी स्टुलावर उभी होते. तिथंच उभी राहिले. आप्पा खालून म्हणाले, "सांग की गं नाव."  घरात आपण दोघी जावा, ते दोघे भाऊ आणि सुकन्या. सुकन्याला तू देणार नाहीस. मग दुसरं काय राहिलं ते मला मोजायची गरज पडली नाही.

आता कळलं तू का गेलीस. गाव म्हणतं, नवऱ्याचा पाय अधू झाला म्हणून सोडून गेली. काही जण माझं आणि भाऊजींचं नाव जोडतात, तेही मला माहीत आहे. मी पहिलं खरं धरून बसले होते. तुझ्याबद्दल मनात लई वाईट बोलले.

पण आता एक ऐक. घाटात टेम्पो उलटला सकाळी नऊला. पंचनाम्यात तसंच आहे. हे गेले ते नऊ-सव्वानऊला. आपल्याला फोन आला अकराला. फोनवरच्या माणसानं सांगितलं, "दोघांतला एक गेला, एकाला अंबाजोगाईला नेलंय." कोण गेला विचारलं तर म्हणाला, "पांढऱ्यात निळी रेघ असलेला शर्ट." दोघांचेही तेच शर्ट. मीच शिवले होते, एका ताग्यातले. मग साडेअकराला तू उठून देवळाकडं गेलीस. म्हणजे तू गाठ मारलीस तेव्हा हे जाऊन दोन तास उलटून गेले होते. जे होऊन गेलं ते तू मागून कसं होईल? नऊ आधी येतात आणि साडेअकरा नंतर.

मी त्या दिवशी काहीच मागितलं नाही. अंगणात बसून होते.

तेव्हा ये, आणि आपली गाठ सोडून जा. माझ्या मनात काही नाही.

तुझी अक्का,
सत्यशीला


२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

वनमाला,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, तिकडचं मला काय म्हाईत.

मागच्या पत्रात मी तुला धीर दिला होता. तो माझ्याच हातातून निसटला आहे, आणि हे तुला न सांगणं मला जमत नाही.

काल देवळात आप्पा मूर्तीवरचा जुना शेंदूर खरवडत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, झालेल्या गोष्टीला नवस लागू होतो का?"

"कावून गं?"

"सांगा तर."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, "सत्यशीला, घड्याळ तुला आन् मला हाय. मायीला न्हाई. तू डोंगरावरनं कधी घाट बघितलास का?"

"बघितलाय."

"खालचा टेम्पोवाला काय म्हणतो? हे वळण गेलं, ते वळण यायचंय. वरून बघणाराला दोन्ही वळणं एकदाच दिसतेत. गेलं बी न्हाई आन् यायचं बी न्हाई. तू नवस आज बोल, उद्या बोल. तिनं तो ऐकलेलाच हाय. न्हाईतर मग ती आपल्यावाणीच झाली की. आपण तिला जाऊन बातमी सांगायची, मग ती पदर खोचून निघायची!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मग म्हणाले, "तुमच्या घरातल्या बायांला हेच कावून पडतंय? वनमालानंबी हेच विचारलं व्हतं."

मी विचारलं, "कधी?"

"तुझा बंकट गेला त्याच्या पुढच्या शिमग्याच्या आसपास. तिला बी म्या हेच सांगितलं. डोकं टेकवून गेली."

शिमग्यानंतर आठ दिवसांनी तू गेलीस. पिशवीत दोन लुगडी आणि सुकन्याची पुस्तकं घेऊन. मी दारात उभी राहून म्हणाले होते, "जा, लंगड्याला मी सांभाळते." ते शब्द मला आता गिळता येत नाहीत.

म्हणजे तूही नऊ आणि साडेअकराचा हिशेब घातला होतास. तूही तोच धीर स्वतःला दिला होतास, आणि म्हाताऱ्यानं डोंगर दाखवून तो काढून घेतला. त्याला माहीतसुद्धा नाही. मी ओरडले, "आप्पा, तुमच्या त्या डोंगरानं एक घर मोडलं!" ते बिचारे शेंदरानं भरलेले हात तसेच घेऊन माझ्याकडं बघत राहिले. त्यांना मी कुठं उभी आहे तेही नीट दिसत नव्हतं.

मी पायऱ्यांवर बसून राहिले. खाली घाटाचा रस्ता दिसत होता. एक लाल गाडी वर चढत होती. तिच्या पुढचं वळण मला दिसत होतं आणि मागचंही. गाडीतल्या माणसांना त्यातलं एकही दिसत नसणार. आप्पांचं म्हणणं खोटं आहे असं मला म्हणता येईना.

तू ये असं आज लिहीत नाही. काय लिहावं तेच कळत नाही.

सत्यशीला


३ डिसेंबर २०२४, मंगळवार

वनमाला,

आज तीन गोष्टी लिहायच्या आहेत. मधली अवघड आहे.

आपल्या शाळेतल्या आम्रपाली बाई तुला आठवतात. मला पुस्तकं आणून देणाऱ्या. रविवारी ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांना मी नाव न घेता सगळं सांगितलं, पण त्यांनी ओळखलंच. म्हणाल्या, "अक्का, आमच्यात देवच नाही. त्यामुळं तुमच्या जाऊबाईंवर खटला चालवायला कोर्टच नाही. त्यांना सांगा, माझ्या घरी राहायला या."

मी हसले. मग विचारलं, "मग हे का गेले?"

"वळण होतं. सीताफळांचे क्रेट एका बाजूला घसरले."

"आणि भाऊजी का राहिले? दोघं एकाच सीटवर होते."

त्यांनी टेप गुंडाळून मशीनवर ठेवली. "ते मला माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही." मग अचानक माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अक्का, जाऊबाईंची चिठ्ठी सापडली म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतोय. तुम्ही त्या दिवशी काय मागितलंत?"

मी मापाची वही शोधायला आत गेले. वही माझ्या हातातच होती.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

फोन आल्यावर आपण दोघी अंगणात खाली बसलो. तू माझा हात धरलास. तुझा हात थंडगार पडला होता. त्या वेळी, तुझा हात माझ्या हातात असताना, मी मनात म्हणाले, "मेसाई, गेलेला शिवशंकर असू दे." 'माझा नसू दे' असं नाही म्हणाले. नाव घेतलं. तुझ्या नवऱ्याचं. माझ्या लग्नात जो अकरा वर्षांचा होता, ज्याच्या परीक्षेला मी डबा घेऊन गेले, त्याचं नाव घेतलं. तू उठून देवळाकडं गेल्यावरही मी तेच म्हणत होते. एक वाजता अंबाजोगाईहून फोन आला तोवर तेच चाललं होतं. जप केल्यासारखं.

तू 'दुसरं काय' लिहिलंस. नाव लिहायची तुझी हिंमत झाली नाही. माझी झाली. आणि तुझं कापडात बांधलेलं होतं म्हणून सापडलं. माझं कुणालाच सापडलं नसतं. तुझी चिठ्ठी वाचून मी स्टुलावर थिजले ते तुझ्यामुळं, असं मी आजवर स्वतःला सांगत होते.

भाऊजी रोज माझ्या हातचं जेवतात. परवा भाकरी मोडताना म्हणाले, "वहिनी, तुमी नसता तर मी कवाच संपलो असतो." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. माठ भरलेला होता, तरी घागर घेऊन आडावर गेले.

तर तुझा नवस ऐकला असेल, तर माझाही ऐकलाच असेल. आप्पांच्या डोंगरावरून दोन्ही एकदमच दिसले असतील, दोघी एकमेकींचे हात धरून बसलेल्या आणि दोघी उलटं मागणाऱ्या. मग तुझं पुरं झालं आणि माझं नाही, ह्याला काय म्हणायचं? तुझी भक्ती जास्त? तू तर संकष्टीसुद्धा विसरायचीस.

आता तिसरी गोष्ट. आज मंगळवार, देवीचा वार. सकाळी मशीन बंद करून देवळात गेले. मनात आलं, तिला जर काल आणि उद्या एकच असेल, तर मी आजसुद्धा त्या दिवसासाठी मागू शकते. हे जिवंत व्हावेत असं नाही मागितलं. तेवढं मला कळतं. जे मला माहीत नाही तेवढंच मागितलं. म्हणाले, "माय, त्या दिवशी ह्यांच्याजवळ कुणीतरी असू दे. ह्यांना तहानेलं जाऊ देऊ नकोस."

तीन वर्षं मला हेच खातंय, वनमाला. ह्यांना तहान सहन व्हायची नाही. रानात जाताना दोन बाटल्या न्यायचे. त्या दिवशी बाटल्या चुलीजवळ विसरल्या होत्या. मी त्या अजून हलवल्या नाहीत.

आम्रपाली बाईंना सांगितलं तर त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मागा अक्का. ह्यात कुणाचं नुकसान नाही."

सत्यशीला


७ डिसेंबर २०२४, शनिवार

वनमाला,

अक्षर सांभाळून घे. जसं झालं तसं लिहिते.

काल दुपारी देवळात वही घेऊन बसले होते. माइकवरची नावं ऐकून माणसं येत होती, आपापले नारळ सोडून नेत होती. एक म्हातारी आली. घाटाखालच्या वस्तीवरची. दोन्ही गुडघे धरून पायऱ्या चढली. म्हणाली, "छबुबाई नाव हाय का बघा. आप्पांनी लिवलं व्हतं, मला येत न्हाई."

नाव होतं. पाचवी तुळई. मी काठीनं दाखवलं. ती काही पुढं होईना. म्हणाली, "बाई, पुरा न झालेला नवस सोडतेत का?"

मी म्हटलं, "पुरा झाला नाही तर कसा सोडायचा? काय मागितलं होतं?"

"एका मानसाचा जीव मागितलता. मेला तो. माझ्यामुळंच मेला."

मी विचारलं, "तुमच्यामुळं कसा?"

वनमाला, पुढचं ती बोलली तसंच लिहिते. एक शब्द घातलेला नाही.

"म्या घाटात सीताफळं इकायला बसायची. सकाळच्या पारी एक टेम्पू वळनावर उलटला. मी पळत गेले. दोघं व्हते. एक वरच्या अंगाला, बेसुद्ध. एक खाली दबलेला, पन सुद्धीवर. दोघांचे शर्ट एकसारखे, मला वाटलं बँडवाले हायेत. तेवढ्यात दोघं जन गाडी थांबवून आले. त्यांनी खालच्याला धरलं, तो दाराकडं व्हता, त्याला काढणं सोपं व्हतं. तर तो म्हणला, आधी धाकट्याला काढा. म्या म्हणलं, बाबा, तूच जवळ हाईस. तर म्हणला, मी थोरला हाय, मला कळतंय, त्याला काढा. लई जोरात बोलला. मग त्यांनी वरच्याला वढला आन् गाडीत घालून अंबाजोगाईला नेला. आन् टेम्पू सरकून त्याच्या छातीवर आला."

मी वही मिटली. 

"मग मी त्याच्यापाशी बसले. पानी मागत व्हता. माझ्याजवळ सीताफळं धुयाची बाटली व्हती. डोकं मांडीवर घेऊन पाजलं. दोन घोट पेला. म्हणला, गार हाय. आन् गेला. मागनं मानसं जमली. त्यातला एक वरडला, पानी कुनी पाजलं? मार लागलेल्याला पानी पाजतेत का? त्यानंच मेला! मी टोपलं तिथंच टाकून पळाले. तशीच इथं आले आन् नारळ बांधला. तवा तो मेलेलाच व्हता, पन म्हणलं, मायीला काय अवघड हाय. दुसऱ्या आठवड्यात ऊसतोडीला गेले कर्नाटकात. कुनालाच बोलले न्हाई."

मी विचारलं, "शर्ट कसा होता?"

"पांढऱ्यात निळी रेघ."

माझ्या हातातली वही कुठं पडली ते मला कळलं नाही. आप्पा म्हणत होते, काय झालं, काय झालं. मी तिचे पाय धरले. ती घाबरून मागं सरली, तिला वाटलं मी तिला मारणार. मी म्हणत होते, "तो माझा होता, तो माझा होता." मग दोघी तिथंच फरशीवर बसलो.

मी तिला सांगितलं, "छबुबाई, छातीवर तेवढं वजन पडल्यावर माणूस पाण्यानं जात नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं."  तीन वर्षं, वनमाला. ती घाटाखाली, तू गेवराईला, मी मशीनवर. एका मरणाचा दोष तिघी आपापल्या पदरात घेऊन बसलो होतो.

मी दोनदा विचारलं, "माझं काही बोलले का?" ती दोन्ही वेळा म्हणाली, "न्हाई बाई. गार हाय म्हणला, एवढंच." तिला सहज खोटं बोलता आलं असतं. बोलली नाही, म्हणून बाकीचंही खरं.

मी मंगळवारी मागितलं, शुक्रवारी ती आली. पण तिनं पाणी पाजून तीन वर्षं झाली होती. मी मागितलं म्हणून तिच्या टोपल्यात बाटली होती, की बाटली होती म्हणून मला आज मागायचं सुचलं? काल दुपारपासून मी ह्याच्याभोवती फिरतेय. डोकं चालत नाही. एवढंच दिसतं की मी काठीनं नारळ दाखवत होते, आणि त्याच वेळी तिकडं, तीन वर्षांमागं, एक बाई ह्यांचं डोकं मांडीवर घेत होती.

आणि दुसरं. देवी काय करायची असेल ती कशी करते, ह्याचं माझ्या मनात चित्र होतं. वरून हात येतो, दोन शर्टांतला एक उचलतो. तू त्या हाताला एकीकडं ओढलंस, मी दुसरीकडं. तसा काही हात आला नाही, वनमाला. तिथं एक माणूस म्हणाला, आधी त्याला काढा. एका बाईनं बाटली उघडली. त्यात देवी कुठं होती असं कुणी विचारलं तर मला ह्या दोन गोष्टींपलीकडं बोट दाखवता येणार नाही. आपण दोघी अंगणात बसून कुणाला न्यायचं ते ठरवत होतो. ह्यांनी ते आधीच ठरवलं होतं. स्वतःच्या तोंडानं.

मला ह्यांचा राग आलाय. खूप. मला विचारायचं होतं की. पण विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते तुला मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

छबुबाईचं मागणं पुरं झालं नव्हतं, पण माझं झालं होतं, तिच्याच हातून. मी आप्पांना म्हटलं, "हिची गाठ आम्ही दोघी मिळून सोडतो." आप्पा कान खाजवत राहिले. "असं कधी झालं न्हाई." मग म्हणाले, "सोडा."

तिला घरी आणलं, जेवू घातलं. भाऊजी रानातून आले. तिनं त्यांनाही सगळं सांगितलं. ते बेशुद्ध होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐकून काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले. म्हणाले, "वहिनी, दादा नेहमीच असं करायचा. भांडणात बी मलाच आधी बाहेर काढायचा." मग ते रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ह्या वेळी पाणी आणायला उठले नाही.

तुझी चिठ्ठी मी त्यांना दाखवलेली नाही. माझंही सांगितलेलं नाही. माझं मी सांगेन. तुझं तू बघ.

सत्यशीला


१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

वनमाला,

काल तुळया उतरल्या. सगळे नारळ गेले, तुझा सोडून. सुतार म्हणाला, "ह्याचं काय करायचं, बाई?" कुणी हात लावेना. मी म्हटलं, "गाठीला धक्का लावू नका. दोन्ही बाजूंनी लाकूड कापा." त्यानं हातभर तुकडा कापून दिला. गाठ तशीच, नारळ तसाच. भाऊजींनी तो खांद्यावर घेऊन घरी आणला. कुणाचा आहे ते त्यांनी विचारलं नाही. कापडावरचं तुझं नाव त्यांना वाचता येतं.

आज सकाळी ते अंगणात त्या लाकडापाशी बसले होते. नारळ कानाशी हलवून बघत होते. मला म्हणाले, "वहिनी, पाणी आटलंय ह्यातलं. नुसता गोटा वाजतोय." मी म्हटलं, "तीन वर्षं झाली." ते म्हणाले, "ती कवा येणार?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." हे म्हणायला मला आता लाज वाटत नाही.

त्यांना मी काल माझं सांगितलं. तुझा हात धरून मी कुणाचं नाव घेत होते ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्या तुमच्या जागी असतो तर म्याबी तेच नाव घेतलं असतं." दुपारी जेवायला नेहमीसारखे बसले. एक भाकरी जास्त खाल्ली. मी हे तुला खुलासा म्हणून लिहीत नाही. त्या माणसासमोर खरं बोलून मी अजून या घरात आहे, एवढंच कळवते.

चुलीजवळच्या बाटल्या मी आज धुतल्या. एक छबुबाईला दिली. एक तुझ्यासाठी भरून ठेवलीय.

गेवराईहून सकाळची गाडी धर, माजलगावला बदल. दुपारी धारूरला उतरशील. भाऊजींना त्या स्टँडपर्यंत चालत येता येतं. काठी लागते, पण येतात.

आज देवळात जाऊन मी मेसाईची ओटी भरली. तू परत आलीस, त्याची. आप्पा म्हणाले, "कुठंय ती? आली का?" मी म्हटलं, "आप्पा, तुमच्याच डोंगरावरून बघा. मला इथून वळण दिसत नाही. मेसाईनं मात्र वनमालाला गाडीतून उतरताना बघितलेलं असेल."

गाठ तूच सोडायची आहे. मी लाकूड धरीन.

तुझी अक्का,
सत्यशीला